दोघं राजी, मग कोर्ट कशाला?

“आमच्यात आता भांडायलाही काही उरलेलं नाही. दोघांनाही वेगळं व्हायचंय. स्टँपपेपरवर लिहून नोटरी केली, तर झाला ना घटस्फोट?”

कौटुंबिक खटले चालवणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा, हा प्रश्न त्याला पाठ असतो. कुणी त्या कागदाला फारकतनामा म्हणतं, कुणी सोडचिठ्ठी. पूर्वी तो शंभराच्या स्टँपवर व्हायचा, आता पाचशेच्या. त्यावर दोघांच्या सह्या असतात, फोटो असतात, दोन साक्षीदार असतात, नोटरीचा लाल शिक्का असतो. नसतो तो फक्त घटस्फोट. ज्यांना हिंदू विवाह कायदा लागू आहे (म्हणजे हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखही), त्यांचं लग्न अशा कागदाने मोडत नाही.

हे कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. एकाने दुसरं लग्न केलेलं असतं. कायद्याच्या दृष्टीने ते लग्नच नव्हे. उलट भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. कधी माणूस वारल्यावर पेन्शनच्या कार्यालयात दोन बायका कागद घेऊन उभ्या राहतात. त्यांतल्या जिला वीस वर्षांपूर्वी ‘सोडलं’ होतं, तीच कायदेशीर पत्नी निघते.

पण प्रश्न विचारणाऱ्याचं सगळंच चुकलेलं नसतं. दोन शहाण्या माणसांना आपले व्यवहार आपण ठरवता यायला हवेत, ही त्याची अपेक्षा रास्त आहे आणि कायद्यालाही मान्य आहे. त्याची गल्लत होते ती दोन वेगळ्या गोष्टी एक समजण्यात.

१. भांडण वेगळं, घटस्फोट वेगळा

नवरा-बायको वेगळे होतात तेव्हा सहसा पाच प्रश्न असतात. पोटगी किती आणि कशी? मुलं कुणाकडे राहणार? घराचं आणि कर्जाचं काय? दागिने, भांडी, फर्निचर, म्हणजे स्त्रीधन, कुणाकडे अडकलंय? आणि एकमेकांवर घातलेल्या केसेसचं काय करायचं? या पाचांपैकी एकाचंही उत्तर न्यायाधीशानेच द्यायला हवं, असं नाही. ती दोघांनी ठरवावीत, कुणाच्या तरी मदतीने ठरवावीत, हेच बरं.

सहावा प्रश्न तेवढा वेगळा: हे दोघं आता कायद्याने पती-पत्नी आहेत की नाहीत? याचं उत्तर फक्त न्यायालय देतं. भाऊ बांधावर उभे राहून शेताची वाटणी ठरवतात, खुणेचे दगडही रोवतात. पण फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर नाव चढत नाही. इथेही तसंच आहे. वाटणी तुमची, नोंद सरकारची.

लग्नाचा दर्जा दोघांपुरता नसतो, हे यामागचं कारण. वारसा कुणाला, निवृत्तिवेतन कुणाला, उद्याच्या दुसऱ्या लग्नाला मान्यता आहे का, हे सगळं त्यावर लटकलेलं असतं. त्यामुळे व्यापारी वादासारखा हा प्रश्न खासगी लवादाकडेही सोपवता येत नाही. घटस्फोट आणि मुलांचा ताबा हे लवादाने निकाल देण्याचे विषय नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका निकालात नोंदवलं आहे.

अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहण्याआधी नीट वाचा. ज्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी आहे, तिला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने संरक्षण दिलं आहे. मात्र अशी रूढी आपल्या समाजात खरोखर आहे, पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे सांगणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावलं. ‘आमच्यात असंच चालतं’ एवढं म्हणून भागत नाही. जातपंचायतीने दंड घेऊन काडीमोड दिला आणि न ऐकणाऱ्या घराला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली पंचांनाच तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात परस्परसंमतीचा ‘मुबारात’ आणि पत्नीच्या पुढाकाराने होणारा ‘खुला’ हे न्यायालयाबाहेरचे मार्ग मान्य आहेत. एका दमात दिलेला तिहेरी तलाक मात्र २०१९ पासून गुन्हा आहे. ख्रिस्ती आणि पारशी विवाहांना, तसंच विशेष विवाह कायद्याखालच्या नोंदणी विवाहांना संमतीच्या घटस्फोटाची सोय त्या-त्या कायद्यात आहे, आणि ती न्यायालयातूनच जाते.

२. कलम १३-ब: तोडगा बाहेर, शिक्का आत

१९५५ चा मूळ हिंदू विवाह कायदा दोष शोधणारा होता. व्यभिचार, धर्मांतर असं काहीतरी एकाने दुसऱ्यावर सिद्ध करायचं. ‘आमचं पटत नाही’ हे कारणच नव्हतं. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात कलम १३-ब आलं आणि दोघांना मिळून अर्ज करता येऊ लागला. त्यात कुणी कुणावर चिखल फेकायचा नसतो. तीन गोष्टी सांगायच्या: आम्ही एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ वेगळे राहतोय, आम्हाला एकत्र राहता आलेलं नाही, आणि लग्न संपवावं यावर आमचं एकमत आहे.

‘वेगळे राहतोय’ म्हणजे वेगळ्या पत्त्यावर असंच नाही. एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून न राहणं, हे वेगळं राहणंच आहे, असं १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. मुंबईतल्या घरभाड्यांचा विचार करता हा निकाल फार व्यवहारी म्हटला पाहिजे.

अर्ज दिल्यावर कायदा दोघांना विचार करायला वेळ देतो. किमान सहा महिने थांबायचं, आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन ‘आमचं तेच मत आहे’ असं सांगायचं. हे दुसरं येणं म्हणजे दुसरा प्रस्ताव, वकिलांच्या बोलण्यातलं ‘सेकंड मोशन’. सहा महिन्यांची ही अट माफ होऊ शकते, असं सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्यासाठी अर्जाआधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, आणि पोटगी, मुलं वगैरे सगळ्या बाबी खऱ्या अर्थाने मिटलेल्या असाव्यात. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने ही सूट मागता येते. माफी देणं न देणं न्यायाधीशाच्या विवेकावर असतं.

त्यातली शेवटची अट पुन्हा वाचा. ज्यांनी बाहेर नीट ठरवून घेतलं, त्यांना कोर्टातला वेळ कमी लागतो. बाकीची पायपीट करावी लागते ती न ठरवलेल्या गोष्टींसाठी.

३. बसायचं कुणासमोर?

आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे चार माणसं बसवणं. मामा, मोठे काका, लग्न जुळवणारे गृहस्थ, गावाकडे सरपंच. या बैठकीचा एक गुण कुणी नाकारू नये: फोन न उचलणाऱ्या माणसालाही ती समोर आणून बसवते. दोष असा की, बैठकीचा निकाल बऱ्याचदा बसण्याआधीच ठरलेला असतो. मुलीला परत नांदायला पाठवायचं, एवढाच तो असतो. प्रत्येक मामा कुणाच्या तरी बाजूचा असतो. कागदावर काही येत नाही, आणि आलं तर ‘दोन्ही पक्ष गुण्यागोविंदाने राहतील’ या छापाचं. माझं मत सांगतो: चार माणसांकडून भेट घडवून घ्यावी, आकडे आणि अटी त्यांच्यावर सोपवू नयेत.

दुसरं ठिकाण म्हणजे पोलिसांचा महिला साहाय्य कक्ष किंवा भरोसा सेल. मुंबईत पोलिसांच्या जोडीने समाजकार्यकर्त्यांना बसवण्याचा प्रयोग टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये केला, त्या ‘विशेष कक्षा’चं काम नंतर बरंच पसरलं. मारहाण झालेल्या बाईला तिथे आधार मिळतो, दागिने परत मिळवून देण्यातही त्यांचा वचक उपयोगी पडतो. पण तिथे लिहून दिलेला समजुतीचा जबाब म्हणजे हुकूमनामा नव्हे. पैशाची आणि मुलांची कायमची व्यवस्था त्यावर उभी करू नका.

तिसरं, कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक. हे न्यायालय मुळातच तडजोडीसाठी घडवलेलं आहे. १९८४ च्या कायद्याने त्याच्यावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याचं कर्तव्य टाकलं आणि वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क ठेवला नाही; वकिलाला परवानगी घेऊन उभं राहावं लागतं. महाराष्ट्रात अशी न्यायालयं १९८९ मध्ये पुण्यात आणि मुंबईत सुरू झाली. मात्र समुपदेशकाची भेट होते ती अर्ज दाखल झाल्यावर. जिथे कुटुंब न्यायालय नाही, तिथे हे अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशापुढे चालतात.

चौथं ठिकाण सगळ्यांत कमी माहितीचं आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचं: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बहुतेक जिल्हा न्यायालयांच्या आवारातच त्याचं कार्यालय असतं, तालुक्याला त्याची समिती असते. खटला दाखल नसतानाही तिथे साधा अर्ज देता येतो. प्राधिकरण समोरच्याला बोलावतं आणि प्रशिक्षित मध्यस्थासमोर दोघांना बसवतं. खर्च नाही. स्त्रियांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकीलही मिळतो. माहितीसाठी १५१०० हा देशभरचा दूरध्वनी क्रमांक आहे.

इथे झालेली पोटगीची किंवा मालमत्तेची तडजोड लोकअदालतीपुढे ठेवली की तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्यावर अपील होत नाही. पैसे थकले तर वसुली करता येते. राष्ट्रीय लोकअदालतीत वैवाहिक वाद घेतले जातात ते ‘घटस्फोट वगळून’. म्हणजे सहावा प्रश्न तिथेही सुटत नाही.

पाचवा मार्ग अमेरिकेतून आलेला. मिनेसोटातला वकील स्टू वेब १९९० च्या सुमारास कोर्टातल्या रोजच्या मारामारीला कंटाळला आणि त्याने ठरवलं की यापुढे फक्त तडजोडीचं काम घ्यायचं. बोलणी फिसकटली तर अशिलाने दुसरा वकील बघावा. दोन्ही बाजूंचे वकील अशी लेखी अट घालून बसले की भांडण लांबवण्यात वकिलाचा फायदा उरत नाही. आपल्याकडे ही पद्धत अजून मोजक्या ठिकाणी आहे, पण तिचा गाभा कुणालाही वापरता येईल. वकील नेमताना सरळ विचारा: “तुम्ही फक्त तडजोडीचं काम बघाल का, आणि त्याची फी वेगळी सांगाल का?” उत्तरावरून माणूस कळतो.

४. मध्यस्थाच्या खोलीत काय होतं?

मध्यस्थ न्यायाधीश नसतो. तो निकाल देत नाही, कोण बरोबर हेही सांगत नाही. आधी दोघांना एकत्र ऐकतो, मग एकेकाला वेगळं बोलावतो. वेगळं बोलताना तुम्ही सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय तो पलीकडे नेत नाही. त्यामुळे ‘मी बारा लाखांवर यायला तयार आहे, पण एवढ्यात सांगू नका’ असं म्हणता येतं. जे भर कोर्टात कुणी म्हणणार नाही. बोलणी फिसकटली तर न्यायालयाकडे ‘तडजोड झाली नाही’ एवढंच जातं, आत कोण काय म्हणालं ते जात नाही. ही गोपनीयता २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात स्पष्ट लिहिली आहे. त्या कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

बोलणी सुरू होण्याआधी एक काम करा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या खटल्यांसाठी एक नमुना घालून दिला: पगार, व्यवसाय, बँकखाती, विमा, गुंतवणूक, मालमत्ता, कर्ज आणि महिन्याचा खर्च, सगळं प्रतिज्ञापत्रावर. कोर्टात न जाताही दोघांनी हाच नमुना भरून एकमेकांना द्यावा. आकडे टेबलावर आले की निम्मं भांडण तिथेच विरतं. जो भरायला टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे कसं वागायचं तेही ठरतं.

५. एक फ्लॅट, एक कर्ज, एक मुलगी

समजा, नाशिकमधलं एक जोडपं आहे. त्याचा पगार ९०,००० रुपये, तिचा ५०,०००. दोघांच्या नावावर फ्लॅट, आजची किंमत ७० लाख. कर्ज ३० लाख शिल्लक. मुलगी चौथीत, शाळा घराच्या मागच्या गल्लीत.

ती म्हणते, “एकरकमी २५ लाख हवेत.” तो म्हणतो, “एवढे आणू कुठून? फ्लॅट विका, अर्धे-अर्धे घ्या, विषय संपला.” दोघंही आपल्या आकड्यावर अडून आहेत. कोर्टात गेले तर इथून पुढे वाद याच दोन वाक्यांवर चालेल.

मध्यस्थ विचारतो ते वेगळं: पंचवीस लाख कशासाठी हवेत? फ्लॅट विकायचाच का आहे? मग कळतं की तिला भीती आहे ती घर गेल्यावर मुलीची शाळा सुटण्याची. आणि त्याची अडचण अशी की, या कर्जावर त्याचं नाव असेपर्यंत नव्या घराला बँक पुरेसं कर्ज देणार नाही.

आता हिशोब मांडू. फ्लॅटमधून कर्ज वजा केलं की ४० लाख उरतात. दोघांनी निम्मा वाटा मान्य केला, म्हणजे २०-२० लाख. (निम्मा वाटा हा इथे कायद्याचा नियम नाही, त्यांची समजूत आहे. हिंदू विवाह कायद्यात पत्नीला नवऱ्याच्या मालमत्तेत आपोआप अर्धा हिस्सा मिळत नाही.) त्याने आपला २० लाखांचा वाटा एकरकमी पोटगी म्हणून तिच्या नावे करायचा. पण ३० लाखांचं कर्ज तिला एकटीला पेलेल का? वीस वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता सुमारे २६,००० रुपये. पगाराच्या निम्म्याहून जास्त. बँक नाही म्हणेल. म्हणून त्याने रोख ५ लाख कर्जात भरायचे, तिने आपल्या ठेवीतले ५ लाख भरायचे. कर्ज २० लाखांवर आलं, हप्ता सुमारे १७,४०० वर आला. शिवाय मुलीसाठी तो दरमहा ठरलेली रक्कम आणि शाळेची फी देणार.

बेरीज करून बघा. वाट्याचे २० आणि रोख ५ मिळून तिला २५ लाखच मिळाले. त्याच्या खिशातून रोख गेले ५, आणि त्याचं नाव कर्जावरून उतरलं. मुलीची शाळा बदलली नाही.

यातही दोन खाचा आहेत. एक, बँकेची लेखी संमती आधी हवी. ‘यापुढे हप्ते पत्नी भरेल’ असं दोघांनी लिहून बँकेवर बंधन येत नाही. हप्ता चुकला की ती दोघांच्याही दारात येते. दोन, वाटा देण्याची वेळ. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. ही सवलत नवरा-बायकोला आहे. घटस्फोट झाल्यावर ती उरत नाही. म्हणून बक्षीसपत्राची नोंदणी हुकूमनाम्याच्या आधी बसवावी लागते. आपल्या प्रकरणात ते कसं बसेल, हे वकिलाकडून तपासून घ्या.

६. मुलांचं वेळापत्रक

पैशाची तडजोड एकदा होते, मुलांची पंधरा वर्षं चालते. तरी तडजोडनाम्यात मुलांबद्दल बहुधा एकच ओळ असते: ‘वडिलांना भेटीचा हक्क राहील.’ या एका ओळीतून जेवढी भांडणं निघतात, तेवढी पोटगीतून निघत नसतील. भेट म्हणजे कधी? रविवारी किती वाजता? सोडायला कोण येणार, की मुलाने सोसायटीच्या गेटवर उभं राहायचं? गणपतीत मूल कुणाच्या घरी? दिवाळीच्या सुट्टीचे भाग कसे करायचे? मे महिन्यात गावाला आजीकडे किती दिवस? आजारी पडलं तर कळवायचं किती वेळात? पालकसभेला दोघांनी जायचं का? पासपोर्टच्या अर्जावर सही कोण करणार? आईची बदली बंगळुरूला झाली तर?

हे सगळं लिहा. लिहिताना किचकट वाटतं, पण पुढे तोच कागद दोघांची तोंडं बंद ठेवतो. ज्यांनी लिहिलं नाही, त्यांच्या मुलांची आणि वडिलांची भेट शेवटी न्यायालयाच्या बालकक्षात, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

कायदा इथे आईबापांना पूर्ण मोकळीक देत नाही, आणि ते योग्यच आहे. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, हा १९५६ च्या पालकत्व कायद्याचा नियम. पण त्याच्याही वर मुलाचं हित. त्यामुळे दोघांनी सही केलेली ताब्याची व्यवस्थाही परिस्थिती बदलली तर न्यायालय बदलू शकतं. ‘मुलाची पोटगी मी कधीच मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं, तरी त्याने मुलाचा हक्क बुडत नाही. तो आईचा नाहीच, सोडणार कशी?

पत्नीची पोटगी एकरकमी आणि मुलांची दरमहा, दरवर्षी ठरावीक वाढीसह, ही जोडणी बऱ्याच घरांना मानवते. पत्नीला दरमहा देण्यात वसुलीची कटकट राहते आणि पुनर्विवाहानंतर ती थांबवण्याचा अर्ज होऊ शकतो. मुलांचा खर्च मात्र वाढत जाणारा असतो, आज एका रकमेत तो मोजता येत नाही.

७. आधी कुणी?

अटी ठरल्या, सगळे चहा प्यायले, आणि मग खरी अडचण येते. तो म्हणतो, आधी केस मागे घे, मग पैसे. ती म्हणते, आधी पैसे, मग केस. दोघांचंही बरोबर असतं, कारण दोघांचाही विश्वास उडालेला असतो.

कायद्याची स्थिती समजून घ्या. १३-ब मध्ये संमती शेवटपर्यंत टिकावी लागते. दुसऱ्या प्रस्तावाच्या दिवशीही कुणी ‘माझी संमती नाही’ म्हणू शकतो. पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज करणारीला मागे घेता येतो. पण छळाची फौजदारी केस, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ८५, तक्रारदाराला नुसती मागे घेता येत नाही. ती उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावी लागते. वैवाहिक तडजोड झाली असेल तर उच्च न्यायालय अशी केस रद्द करू शकतं, हे २००३ च्या बी. एस. जोशी निकालापासून पक्कं आहे. सांगली-साताऱ्याच्या पक्षकारांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं.

तोडगा असा की, पैसे आणि पावलं एकमेकांना बांधायची. आपल्या नाशिकच्या जोडप्याचं बघा. त्याच्याकडे राहिलेले तिचे दागिने यादी करून अर्जाआधी परत. पहिल्या प्रस्तावाच्या दिवशी २ लाखांचा डिमांड ड्राफ्ट. मग बँकेची संमती आणि बक्षीसपत्राची नोंदणी. दुसऱ्या प्रस्तावाच्या दिवशी उरलेले ३ लाख, न्यायाधीशासमोर. केस असती, तर रद्द करायला ‘हरकत नाही’ असं तिचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी आणि शेवटचा एक ड्राफ्ट केस रद्द होईपर्यंत वकिलाकडे. कुठल्याही टप्प्यावर कुणी पळालं, तरी दुसऱ्याचं नुकसान एका टप्प्यापुरतंच.

तडजोडीचा फायदा घेऊन शब्द फिरवणाऱ्यांना न्यायालय फार सहानुभूती दाखवत नाही. समझोत्यानुसार घटस्फोट घेऊनही फौजदारी केस चालू ठेवणाऱ्या पत्नीची केस सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली होती. पण त्यासाठी समझोता लेखी असावा लागतो, आणि त्यात प्रत्येक केसचा नंबर असावा लागतो. ‘सर्व केसेस मागे घेण्यात येतील’ हे वाक्य वकिलांच्या पुढच्या पिढीचं पोट भरतं.

८. कुठे तडजोडीला बसू नये

घरात मारहाण असेल तर आधी संरक्षण, मग बोलणी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश दंडाधिकाऱ्याकडून मिळतो; संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो. भीतीने दिलेली संमती ही संमती नाही. प्रत्येक उत्तराआधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघणारी बाई समोर असेल, तर चांगला मध्यस्थ बैठक थांबवतो.

जिथे एकजण उत्पन्न लपवतोय, तिथेही मध्यस्थी लंगडी पडते. बँकेचे उतारे हजर करायला लावण्याची ताकद न्यायालयाकडेच आहे. आणि एकाला अजून संसार टिकवायचा असेल तर संमतीच्या घटस्फोटाचा कागद त्याच्यापुढे सरकवू नका. मध्यस्थी काही फक्त वेगळं होण्यासाठी नसते. पुन्हा एकत्र राहायच्या अटीही तिथे ठरतात.

९. गोवा आणि परदेश

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा कौटुंबिक कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा असतो. त्यामुळे वर ज्याला आपण ‘समजूत’ म्हटलं, तो तिथे नियम आहे.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या, पण इथे हिंदू पद्धतीने लग्न केलेल्या जोडप्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथल्या न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, किंवा एकाच्या गैरहजेरीत दिलेला घटस्फोट इथे मान्य होईलच असं नाही. १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा नरसिंह राव निकाल याचा आधार आहे. दोघं राजी असतील तर इथेच १३-ब खाली अर्ज करणं सुरक्षित. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहायची परवानगी न्यायालय देऊ शकतं, हे अमरदीप सिंग निकालातच म्हटलं आहे.

शेवटचं काम हुकूमनामा झाल्याच्या दिवशीचं. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे लोक आनंदाने किंवा थकून थेट घरी जातात. तसं करू नका. त्याच दिवशी नकलांचा अर्ज द्या आणि हुकूमनाम्याच्या व तडजोडनाम्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती घेऊन ठेवा. बँक, सोसायटी, पासपोर्ट आणि पुनर्विवाहाची नोंदणी, सगळीकडे त्याच मागतात.